सी तहामींच्या कोड्यातली खोट

अरबी मुलखातल्या वझ्झान गावच्या सी तहामींनी एक गोष्ट अडतीस वर्षं शोधली आणि ती त्यांना सापडली नाही. ती म्हणजे त्यांच्याच एका बुद्धिबळाच्या कोड्यातली खोट.

माणूस विणकर. लोकरीचे जेलाबे, म्हणजे टोपीचे लांब झगे, विणण्यात सगळं आयुष्य गेलं. कापडातली खोट त्यांना हात फिरवला की कळायची. दुसऱ्या कुणाकडून घेतलेला जेलाबा घालून कोणी दुकानासमोरून गेलं, तर मागावरून मान वर करून हे सांगायचे, "डाव्या काखेखाली धागा सुटलाय तुझा." लोकांना राग यायचा, पण घरी जाऊन बघितलं की धागा खरंच सुटलेला असायचा. आणि अशा माणसाला चौसष्ट घरांतली एक खोट दिसू नये, यापरती शरमेची गोष्ट त्यांच्या मते दुसरी नव्हती.

कोडी रचायचा नाद त्यांना तरुणपणीच लागला. माग चालवताना हात आपोआप चालतात, डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्यात ते पट मांडायचे. पांढऱ्याने खेळायचं आणि काळ्याने काहीही केलं तरी ठरलेल्या चालींत मात द्यायची, अशी कोडी. जमलं की घरी येऊन वहीत उतरवायचे. साठेक कोडी झाली होती. त्यांतलं एक त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते एका चांगल्या कागदावर उतरवून वर्तमानपत्राला पाठवलं. तीन चालींत मात. राजधानीतल्या त्या पत्रात दर रविवारी बुद्धिबळाचं सदर येत असे आणि वाचकांची कोडीही छापत असत.

कोडं छापून आलं नाही. सदराच्या तळाशी बारीक अक्षरांत उत्तर आलं, ते टेकडीवरच्या कॉफीघरात हाज मीलूदी न्हाव्याने मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा तो हज करून हाज व्हायचा होता, पण आवाज आत्ताएवढाच होता. "सी तहामी, वझ्झान. आपल्या कोड्याला उत्तर नाही. आधी मोहरे कसे चालतात ते शिकून घ्यावं."

कॉफीघर हसलं. त्यात विशेष काही नव्हतं, ते कॉफीघर कोणालाही हसतं. पण हे हसणं थांबलं नाही. सी तहामी चहा प्यायला बसले की कोणीतरी विचारायचं, "तीन चालींत संपवणार का?" पोराचं लग्न लांबलं तरी तेच, गाढव अडलं तरी तेच. सी तहामींनी पुन्हा एकदा, अगदी घोटून घोटून अक्षर काढून तेच कोडं पाठवलं. त्याला उत्तरही आलं नाही. मग वही लोकरीच्या पेटीत तळाशी गेली आणि त्यांनी नवं कोडं रचणं सोडलं.

शोधणं मात्र सोडलं नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी ते पट काढायचे, तेच कोडं मांडायचे आणि काळ्याची बाजू घेऊन पळवाट शोधायचे. पळवाट सापडायची नाही. म्हणजे ती आहे, पण आपल्याला दिसण्याएवढी आपली अक्कल नाही, असा त्यांनी अर्थ लावला. छापलेलं खोटं असेल असं त्या पिढीच्या माणसाच्या मनातही येत नाही.

हे सगळं बतूलला, म्हणजे त्यांच्या मुलीला, लहानपणापासून माहीत होतं. ती आता एक्केचाळीस वर्षांची, सरकारी शाळेत गणित शिकवणारी, नव्या वस्तीत राहणारी, आणि शुक्रवारी कुसकुस खायला नेमाने माहेरी येणारी. शाळेत तिने बुद्धिबळाचा वर्ग सुरू केला होता. त्यासाठी शोधताना तिला इंटरनेटवर कोडी रचायचा एक एडिटर सापडला. पडद्यावर रिकामा पट असतो, बाजूला मोहरे असतात. मोहरा उचलून घरात ठेवायचा, कोणाची चाल ते सांगायचं, किती चालींत मात ते सांगायचं आणि तपासायचं बटण दाबायचं. कोडं खरं असेल तर हिरवी खूण येते आणि ते जगभरच्या लोकांना सोडवायला मिळतं. खोटं असेल तर लाल.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर तिने बापाला हे सांगितलं.

"बा, तुमचं ते कोडं द्या ना मला. मशीन दोन मिनिटांत सांगेल."

"काय सांगेल?"

"खोट कुठे आहे ते."

सी तहामींनी चहाचा पेला खाली ठेवला. सत्याहत्तर वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तेत्वानच्या इस्पितळातला शस्त्रक्रियेचा नंबर लागायला अजून चार महिने. माग दोन वर्षांपूर्वीच बंद झाला होता. दिवसभर बैठकीवर बसून ते रेडिओ ऐकत आणि रेडिओवर चिडत.

"एकदा सगळ्या मुलखात नाचक्की झाली तेवढी पुरे," ते म्हणाले, "माझी अक्कल यंत्राकडून मोजून घ्यायची नाहीये मला."

"अक्कल नाही हो, कोडं."

"तेच ते."

बतूलची आई, लल्ला झहूर, ताटं उचलत होती. ती म्हणाली, "सोड गं त्यांना. अडतीस वर्षं मी सांगतेय बाई, सवत आणली असती तरी इतका वेळ दिला नसता तिला."

सी तहामींनी रेडिओचा आवाज वाढवला. पण बतूल निघाली तेव्हा आईने तिच्या हातात ऑलिव्हची बरणी आणि उरलेल्या कुसकुसचा डबा असलेली पिशवी दिली, आणि पिशवी नेहमीपेक्षा जड होती. डब्याखाली एक वही होती, लोकरीचा वास येणारी.

"इम्मा, हे..."

"मला काही ठाऊक नाही," आई म्हणाली. "मी डबा दिलाय."

रविवारी दुपारी बतूलने घरी लॅपटॉप उघडला. ते कोडं वहीत शेवटचं होतं, पानावर एकटंच. बापाने अरबीत मोहऱ्यांची यादी केली होती: मोहऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्याला जोडून घराचं नाव. राजा, वजीर, प्यादी तिने भराभर लावली. मग दोन फील. फील म्हणजे आपल्याकडचा तिरका जाणारा उंट. तिकडे त्याला हत्ती म्हणतात, आणि आपल्या सरळ जाणाऱ्या हत्तीला किल्ला म्हणतात. फीलचा 'फ', डोक्यावर एक टिंब, अगदी स्वच्छ अक्षर. तिने पहिला फील ठेवला, दुसरा ठेवला, आणि तिचा हात थांबला.

दोन्ही फील पांढऱ्या घरांत होते. एक फील पांढऱ्या घरांतला आणि एक काळ्या घरांतला असतो, हे तिच्या सातवीच्या मुलांनाही माहीत आहे. तिने यादी पुन्हा वाचली. घरं बरोबर होती. पडद्यावर पिवळी सूचना आली, की ही मांडणी खेळात सहसा येत नाही. तिने तरीही बटण दाबलं. लाल खूण आली. उत्तर नाही.

आधी मोहरे कसे चालतात ते शिकून घ्यावं. ते वाक्य तिला आता टोमणा वाटेना, सल्ला वाटू लागला, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं ती मनातून बापाच्या बाजूने होती. आता मनातल्या मनातही तिला त्यांची बाजू घेता येईना.

पुढच्या शुक्रवारी ती माहेरी गेली तेव्हा न सांगण्याचं ठरवून गेली होती. पण वही परत पेटीत ठेवण्याआधीच सी तहामी म्हणाले, "पेटीचं झाकण नीट लागत नव्हतं सोमवारी. वही कोणी नेली?"

आईने लगेच भांडी घासायला घेतली.

"मी नेली, बा."

"मग? काय म्हणालं तुझं यंत्र?"

बतूल शिक्षिका होती. मुलांना चुकीचं उत्तर बरोबर आहे असं तिने आजवर सांगितलं नव्हतं, आणि बापाला सांगायलाही तिची जीभ वळेना. "उत्तर नाही म्हणालं."

सी तहामी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बैठकीखाली हात घालून पटाची पेटी बाहेर काढली. अक्रोडाच्या लाकडाचा पट, त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला.

"हे घेऊन जा. तुझ्या शाळेतल्या पोरांना होईल."

"बा, असं काय करता?"

"काही नाही करत. वर्तमानपत्र एक वेळ चुकेल. यंत्र पण तेच म्हणतंय म्हटल्यावर संपलं. मी म्हातारा उगाच बसलो होतो शोधत." मग थोड्या वेळाने, "बरं झालं. सुटलो."

सुटलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. लल्ला झहूरने नळ बंद केला आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या कोड्यावरून टोमणा मारला नाही. बतूल पट काखेत मारून घरी आली आणि वाटभर रडली. वहीसुद्धा तिच्याच पिशवीत राहिली होती, कारण ती परत घ्यायला बापाने हात पुढे केला नव्हता.

तिने ठरवलं, निदान एक तरी कोडं खरं निघायला हवं. साठ आहेत. त्यांतलं एखादं सोपं, दोन चालींचं, हिरवं आलं तर तेच घेऊन जाता येईल. मंगळवारी तास नव्हता तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बसून तिने वही पहिल्यापासून उघडली. भूगोलाचे सर शेजारी उत्तरपत्रिका तपासत स्वतःशीच संतापत होते.

पहिल्या पानावर दोन चालींचं कोडं. राजा ठेवला. घोडा ठेवला. फील ठेवला, डोक्यावर एक टिंब. पुढचं अक्षर वाचलं आणि तिला ते वाचताच आलं नाही. तसाच गोल, पण टिंब डोक्यावर नव्हतं. खाली होतं.

असं अक्षर तिने शाळेत शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शाईचा डाग असेल म्हणून तिने पान तिरकं धरलं. पुढच्या ओळीतही तेच, खाली टिंब. पुढच्या पानावरही. डाग इतका शिस्तीत पडत नाही.

मग तिला आजोळच्या भिंतीवर टांगलेली लाकडी फळी आठवली. मशिदीच्या शाळेत बोरूने जिच्यावर कुराणातल्या आयती लिहून पोरं पाठ करत आणि धुऊन टाकत, ती फळी. मगरिबातली, म्हणजे त्यांच्याच मुलखातली, जुनी लिपी. त्या लिपीत 'फ'चं टिंब खाली असतं. आणि 'क'च्या डोक्यावर, छापील 'क'सारखी दोन नव्हे, एकच टिंब असतं.

बापाने किल्ल्याचा 'क' लिहिला होता. तिने फीलचा 'फ' वाचला होता.

असं कसं झालं, हे तिने नंतर स्वतःला खूपदा विचारलं. बापाचं अक्षर ती जन्मापासून वाचत होती. बाजाराच्या याद्या, बिलं, तिच्या लग्नाची पत्रिका. पण शब्द वाचताना टिंबं कोणी मोजत नाही. कहवा, म्हणजे कॉफी, लिहिलंय म्हटल्यावर तो कहवाच असतो, 'क'वर टिंब एक असो की दोन. सुटं अक्षर असतं तरी त्याच्या शेपटीच्या वळणावरून कळलं असतं. इथे अक्षर घराच्या नावाला जोडलेलं, त्यामुळे शेपूट गळालेली. उरला नुसता एक गोल आणि एक टिंब. आणि शेवटच्या कोड्यात फील एकही नव्हता, म्हणून खाली टिंब असलेलं अक्षर तिथे दिसायची सोयच नव्हती.

तिने शेवटचं पान काढलं. दोन्ही फील उचलून बाहेर टाकले, त्यांच्या जागी किल्ले ठेवले. बटण दाबण्याआधी तिने हात डोक्यावरच्या रुमालाला पुसले. दाबलं.

हिरवी खूण.

खाली ओळ आली, की तीन चालींत मात, पहिली चाल एकच, दुसऱ्या कुठल्याही चालीने मात होत नाही. ती पहिली चाल तिने पाहिली. किल्ला एक घर मागे जात होता. सगळा हल्ला सोडून, शत्रूच्या राजाकडे पाठ करून, नुसता एक घर मागे. तिला बुद्धिबळात फारसं कळत नव्हतं, पण एवढं सुंदर असतं हे कळण्याएवढं कळत होतं.

"काय झालं, उस्ताझा?" भूगोलाचे सर म्हणाले. "रडताय की हसताय?"

"एक टिंब राहिलं होतं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

घरी सी तहामी बैठकीवरच होते. तिने काही न सांगता त्यांच्या हातात कागद आणि पेन दिलं.

"बा, किल्ला लिहा."

"का?"

"लिहा ना."

त्यांनी कागद नाकाशी नेऊन लिहिलं. डोळे गेले तरी हात चुकला नव्हता. एक टिंब, वर.

"आता फील."

एक टिंब, खाली.

"'क'ला टिंबं किती, बा?"

"एक," सी तहामी म्हणाले. "मशिदीच्या शाळेतल्या फकीहने छडीने शिकवलंय. विसरायची सोय नाही."

"वर्तमानपत्रात किती असतात?"

ते उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. छापलेल्या 'क'वरची दोन टिंबं त्यांनी आयुष्यभर वाचली होती. आपला हात एकच देतो, हेही त्यांना माहीत होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

"त्याने फील वाचला," ते हळूच म्हणाले.

"हो. तिकडे शहरात, नव्या लिपीत शिकलेला कोणी असणार. दोन किल्ल्यांचे दोन फील केले त्याने, तेही एकाच रंगाच्या घरांत. म्हणून म्हणाला मोहरे शिकून घ्या."

"आणि यंत्र?"

"यंत्राला मी सांगितलं होतं. मीही फीलच वाचला, बा. आज किल्ले ठेवले. तीन चालींत मात आहे. किल्ला एक घर मागे."

सी तहामींना आनंद होईल असं तिला वाटलं होतं. आधी राग आला.

"एकदा विचारायचं होतं," ते म्हणाले. "बाबा रे, हे अक्षर कोणतं? एवढंच. मी दोनदा पाठवलं. दुसऱ्यांदा तर किती सांभाळून लिहिलं होतं. टिंब कसं गोल काढलं होतं."

"मीही नाही विचारलं," बतूल म्हणाली. "मी तर घरातली. मला दोन फील एका रंगात दिसले आणि मला वाटलं, बांनाच येत नसेल."

लल्ला झहूर दारात उभी होती. ती आत येऊन नवऱ्याच्या शेजारी बसली, जे ती दिवसा कधी करत नसे. "म्हणजे कोड्यात काही नव्हतं?"

"काही नव्हतं," सी तहामी म्हणाले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मोतीबिंदूचं आहे असं त्यांनी कोणी न विचारता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मुलीला म्हणाले, "तो तुझा लॅपटॉप घे. कॉफीघरात जायचंय."

त्या कॉफीघरात बायका जात नाहीत. मनाई कोणी केलेली नाही, पण जात नाहीत. बतूल बापाचा हात धरून आत शिरली तेव्हा डोमिनोच्या सोंगट्यांचा आवाज थांबला. हाज मीलूदी कोपऱ्यात त्याच्या नेहमीच्या जागी होता, ऐंशीला टेकलेला, दात नवे, आवाज जुना.

"अरे तहामी, आज वकील घेऊन आलास?"

"मुलगी आहे माझी. खुर्ची दे तिला."

हाजने स्वतः उठून खुर्ची दिली. बतूलने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि टिंबाची गोष्ट सांगितली. शिकवायची सवय असल्याने तिने ती कागदावर लिहूनच दाखवली. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना वाकवून बघितलं. त्यांच्यातले निम्मे स्वतः तसाच 'क' लिहीत होते. कोणीतरी म्हणालं, "हो की रे." कोणीतरी राजधानीतल्या लोकांबद्दल जे म्हणालं ते बतूलसमोर म्हणायला नको होतं.

"ठीक आहे," हाज म्हणाला. "टिंब-बिंब राहू दे. कोडं दाखव. मी सोडवतो."

तो अर्धा तास बसला. किल्ला पुढे नेला, लाल. वजीर नेला, लाल. शह दिला, लाल. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं ही नक्की, आणि प्रत्येक वेळी काळा राजा निसटायचा. सी तहामी बाजूला बसून चहा पीत होते. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण हाजचा श्वास ऐकू येत होता, आणि तेवढं त्यांना पुरत होतं. इतका चविष्ट चहा त्यांनी अनेक वर्षांत घेतला नव्हता.

शेवटी हाजने हात वर केले. "सांग बाबा."

"किल्ला एक घर मागे," सी तहामी म्हणाले.

हाजने चाल केली. हिरवं झालं. त्याने काळ्याची सगळी उत्तरं करून पाहिली, आणि सगळीकडे मात. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या कॉफीघरात ही गोष्ट बायकांच्या येण्यापेक्षाही दुर्मिळ.

"तहामी," तो म्हणाला, "मला वाचता यायचं, म्हणून मी वाचलं. वाचण्याआधी एकदा तुझ्यासमोर पट मांडून बसलो असतो तर कळलं असतं. नाही बसलो. वाचायची घाई होती मला."

"होती खरी," सी तहामी म्हणाले.

"माफ कर."

"बघू."

पण तेही हसत होते, आणि हाजने त्यांचा हात धरला तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

शुक्रवारी बतूल कुसकुस खायला आली ती पट काखेत घेऊन. सी तहामींनी तो घेतला, पण उघडला नाही. बैठकीवर मांडी घालून त्यांनी डोळे मिटले.

"ते यंत्र उघड. मी सांगतो तसे मोहरे ठेव."

"कुठलं कोडं? वही आणू?"

"वहीत नाहीये."

ते डोळे मिटूनच म्हणाले, "खोट शोधायला मी काळ्याकडून खेळायचो ना. हजार वेळा खेळलो असेन. खेळता खेळता कधी कधी वेगळीच मांडणी दिसायची. चांगली. मी ती तशीच सोडून द्यायचो. म्हटलं, ज्याला एक नीट रचता येत नाही त्याने दुसरं कशाला रचावं? पण विसरलो नाही. दहा-बारा तरी आहेत."

लल्ला झहूर चहाची किटली घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे सवत एकटी नव्हती."

"ठेव," सी तहामी बतूलला म्हणाले. "पांढरा राजा, खालच्या रांगेत, उजवीकडून तिसरं घर."

ते सांगत गेले, ती ठेवत गेली. प्रत्येक वेळी ती विचारून घेत होती, "किल्ला ना? फील नाही ना?" आणि ते प्रत्येक वेळी चिडून "किल्ला, किल्ला" म्हणत होते. चार चालींत मात. सगळं लावून झालं. तिने बटण दाबलं.

लाल.

खोटं सांगावं का, असं या खेपेला खरंच बतूलच्या मनात आलं. बापाने मान तिच्याकडे वळवली होती आणि वाट बघत होता.

"लाल आलंय, बा."

"का?"

"का म्हणजे?"

"काळा काय करतो ते सांगतं का तुझं यंत्र? सुटतो कुठून?"

तिने खाली पाहिलं. सांगत होतं. "तिसऱ्या चालीला काळं प्यादं पुढे येतं. राजाला मागे जागा होते."

सी तहामींचे ओठ हलत होते. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांनी मोहरे हलवले, एकदा, दोनदा. मग त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या सुरकुत्या एकदम सुटल्या आणि ते हसायला लागले, मोठ्याने, पोट धरून, लल्ला झहूरने किटली खाली ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवावा इतके.

"आहे," ते म्हणाले. "खरंच आहे. तिथेच आहे ती. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला खोट दाखवली, झहूर. अशी असते होय ती. अशी असेल तर काढता येते की."

त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा मिटले.

"ते डावीकडचं पांढरं प्यादं एक घर पुढे घे," ते मुलीला म्हणाले, "आणि पुन्हा विचार त्याला."